सुनेचं नाक

सुनेच्या नाकावर घर चालायचं, ही काही थट्टा नव्हे. वाइनच्या कारखान्यात ती चव पारखायची. शार्डोने नावाची पांढरी वाइन बाजारात जाण्याआधी तिचा वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि गुण द्यायचे, हे तिचं काम.

अशा सुनेला सासू मिळाली ती सुगंधी तेलाची शौकीन. पण सुनेचं काम कळलं त्याच दिवशी सासूबाईंनी तेलाची बाटली शेजारणीला देऊन टाकली. सकाळचं तळण बंद झालं, साबणही बिनवासाचा आला. शेजारीण खवचटपणे म्हणाली, सून नाकाने कांदे सोलते वाटतं. सासूबाई म्हणाल्या, सोलू दे की, माझे डोळे तरी वाचतात.

मग एका तापात ते नाकच गेलं. चुलीवर दूध करपलं तरी सुनेला पत्ता नाही. कारखान्याने थोडी सवड दिली. त्यानंतर परीक्षा, आणि नाही जमलं तर जागा दुसऱ्याला. सून हातपाय गाळून बसली. सासूबाईंनी कंबर कसली. रोज सकाळी सुनेला डोळे मिटायला लावून त्या नाकाखाली एकेक जिन्नस धरायच्या: लोणी, सफरचंदाची फोड, लिंबाची साल, भाजलेला पाव. किती दिवस सगळं नुसतं पाण्यासारखं. एका सकाळी सून चाचरत म्हणाली, "लोणी?" सासूबाईंना इतका आनंद झाला की तो गोळा त्यांनी स्वतःच खाऊन टाकला.

परीक्षेला सहा पेले होते. दुसऱ्यात आधी लोणी आलं, मागून सफरचंद, शेवटी भाजलेला पाव. पाचव्यातही हुबेहूब तेच. आपलं नाक आपल्याला फसवतंय की काय, अशी तिला शंका आली. तरी नाकाने सांगितलं तेच तिने लिहिलं. साहेबांनी कागद पाहिला आणि सांगितलं, ते दोन्ही पेले एकाच बाटलीतले होते, गुणही तुम्ही दोन्हींना सारखेच दिलेत, उद्यापासून कामावर या.

येताना तिने सुगंधी तेलाची बाटली घेतली. सासूबाईंच्या हातात ठेवून म्हणाली, "आई, हे नाक तुम्ही दिलंत मला."

सासूबाईंनी बाटली उजेडात धरून रंग न्याहाळला. झाकणाला हात लावला नाही. "नोकरी किती वर्षं उरलीय गं तुझी?"

"बारा."

"मग बारा वर्षं जगायला हवं," म्हणत त्यांनी बाटली कपाटात ठेवली.

सून त्यांच्या बिनवासाच्या केसांत नाक खुपसून कितीतरी वेळ रडत राहिली.