रंगाचा रकाना

"बसू दे वं जरा मले," हे शोभाताईंचं रोजचं बोलणं. कळमन्याच्या बाजारातून घरी आल्या, भिंतीला हात टेकला, की तोंडातून पहिलं हेच निघायचं. त्यांच्या लेकीनं, हर्षानं, हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण आई खरोखर कधी बसली, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. आई पायरीवर टेकायच्या आत गल्लीतली कोणी ना कोणी दारात उभी असायचीच. एकदा सुमती आली, डोळे सुजलेले.

"शोभाताई, जावई माह्या पोरीले ढोली म्हणून हाक मारते. चारचौघांत. एकच टाइम जेव म्हणते."

शोभाताईंनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या. "चाल," म्हणाल्या. "त्याचं ताट केवढं आहे ते पाहून येऊ."

शोभाताई स्वतः रंगानं काळ्या, अंगानं आडव्या. संत्र्यांच्या हंगामात बाजाराच्या फरशीवर ढिगाशी मांडी घालून बसायचं, मोठं फळ इकडे, लहान तिकडे, डागी वेगळं, हे छाटायचं काम त्या लग्न होऊन नागपुरात आल्यापासून करत होत्या. हंगाम नसला की मिरच्यांचे देठ खुडायचे. हाताची आग संध्याकाळपर्यंत जात नसे, आणि गुडघे तर केव्हाच गेले होते. नवरा, नानाजी, कुहीकडे गावीच शेतीत रमलेला, सणावारी यायचा. शहरातलं घर, लेकीचं शिक्षण, दारातल्या बाया, सगळं शोभाताईंच्या अंगावर होतं, आणि त्या अंगाबद्दल त्यांनी कधी विचार केला नव्हता. ते चालत होतं तोवर चालत होतं.

वस्तीतलं महिला मंडळ आधी भिशीपुरतं आणि हळदीकुंकवापुरतं होतं. ते बदललं एका बोर्डामुळं. मुलींच्या कॉलेजासमोरच्या चौकात कुठल्याशा त्वचेच्या दवाखान्यानं भला मोठा बोर्ड लावला. एकाच पोरीचे दोन चेहरे. डावीकडे काळा आणि रडवेला, उजवीकडे गोरा आणि हसरा, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'लग्नाआधी एकदा भेटा'. शोभाताई रोज त्या चौकातून जायच्या. काही दिवस नुसत्या पाहात राहिल्या. मग मंडळाच्या बायांनी घरातल्या जुन्या साड्या आणून एकीला एक जोडून शिवल्या, आणि एका सकाळी तो बोर्ड वरपासून खालपर्यंत झाकून टाकला. शिडीवर चढली मंडळातली यमुताई, काटक म्हणून. खाली शिडी धरून शोभाताई.

दवाखान्याचा माणूस धावत आला. "ओ मावशी, हे प्रायव्हेट जागा आहे!"

"पोरीचं तोंडही प्रायव्हेटच असते, बाप्पा," शोभाताई म्हणाल्या. शिडी सोडली नाही.

बोर्ड उतरला. पण तो झाकला त्या दिवशी कुठल्याशा चॅनेलचा एक माणूस मोबाइल घेऊन आला होता. "ताई, थोड्या मागं सरका, तुम्ही फ्रेममधे मावून नाही राहिल्या," म्हणाला. शोभाताई मोठ्यानं हसल्या आणि मागं सरकल्या. ती रील नागपूरभर फिरली.

हर्षा तेव्हा बुटीबोरीच्या एका कापड कंपनीत नुकतीच हिशेबाच्या खात्यात लागली होती. कंपनीच्या बसमधे शेजारच्या मुलीनं मोबाइल तिच्यापुढं धरला. "हे पाय नं!" रीलमधे आई हसत होती, आणि खाली लोकांनी लिहिलं होतं. 'आधी स्वतः तोंड धू.' 'हिले साबणाची पूर्ण फॅक्टरी लागन.' 'साडी कायले वाया घालवली, ही उभी राहिली असती तरी बोर्ड झाकला असता.' शेजारची मुलगी खिदळत होती. ती बाई हर्षाची आई आहे हे तिला माहीत नव्हतं. हर्षाही थोडी हसली, कोणाला कळू नये म्हणून. मग बुटीबोरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहात राहिली. तिचाही रंग आईचा होता, बांधाही आईचाच.

शोभाताईंनी त्यातलं काही वाचलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. त्यांच्या समाजाचा दरवर्षी उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा भरायचा. मुलंमुली छातीवर नंबर लावून एकेक करून स्टेजवर यायची, माइकवर नाव-शिक्षण सांगायची, आणि हॉलमधले आईबाप मांडीवरच्या परिचय पुस्तिकेत त्या नंबरावर खूण करायचे. त्या पुस्तिकेत वर्ण म्हणून एक रकाना होता. गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा. मुलांच्या पानांवर तो रकाना बहुतेक कोराच असायचा. मुलींच्या पानांवर भरलेला. तो रकाना काढा, हे सांगायला मंडळ गेलं मेळाव्याच्या समितीचे अध्यक्ष मारोतराव यांच्या घरी. एकदा गेलं, परत गेलं, त्यांच्या घरच्या बायांना चहा करून कंटाळा येईपर्यंत गेलं.

"शोभाबाई," मारोतराव शेवटी म्हणाले, "तुमी तं दिवसभर संत्री छाटता. मंग पोरी छाटल्या तं तुमाले काहून राग येते?"

"संत्रं घरी जाऊन रडत नाही, भाऊ."

रकाना गेला. मंडळानं पेढे वाटले. पण त्या वर्षीची नवी पुस्तिका हाती आली तेव्हा बायांना कळलं की आपण काय करून बसलो. रंग लिहायचा नाही म्हटल्यावर समितीनं फोटोच दुप्पट मोठे केले, चकचकीत कागदावर. "लिहू नका म्हणता, नाही लिहिलं," मारोतराव म्हणाले. "आता ज्याचं त्यानं पाहून घ्यावं." आणि मग सदर भागातल्या फोटो स्टुडिओंना काम लागलं. पोरी फोटो काढायला जायच्या आणि मैदा माखल्यासारख्या होऊन पानावर यायच्या. साऱ्या एकाच आईच्या पोटच्या वाटाव्यात अशा.

म्हणून मंडळानं ठरवलं: यंदाच्या मेळाव्यात, भर कार्यक्रमात, शोभाताई उभ्या राहतील. त्या उभ्या राहिल्या की सगळ्यांनी उभं राहायचं. शोभाताई पुस्तिका उघडून दाखवतील आणि सर्वांसमोर विचारतील, या पोरी कोणाच्या आहेत?

मेळावा उमरेड रोडवरच्या लग्नाच्या एका लॉनवर, तिथल्या हॉलमधे होता. सकाळी दारातच पुस्तिका मिळाल्या, आत तर्री-पोह्याची रांग. हर्षाचं नाव यंदा होतं. नानाजींनीच गावाहून फोन करून नोंदवायला लावलं होतं, आणि शोभाताई नाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी उभ्या उभ्याच पुस्तिका चाळली. लेकीच्या पानावरून त्या पुढं निघून गेल्या. मग नाव वाचल्यासारखं वाटलं म्हणून परत आल्या. पानावरच्या मुलीचे गाल आत गेलेले होते, गळा बारीक झाला होता, आणि रंग दुधाचा.

लेकीला त्यांनी हाताला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"हे कोणं केलं?"

"मी करवलं." हर्षा खाली पाहात होती. "आई, आज तू उठू नको."

"मले सांगाचं नं वं आधी."

"सांगतलं असतं तं तू करू दिलं असतं?" हर्षाचा आवाज फाटला. "तुले माहीत तरी आहे का, तुह्या त्या रीलखाली लोकायनं काय काय लिहिलं होतं? मी वाचलं सारं. तुह्यावर लिहिलेलं वाचलं. माह्यावर लिहिलेलं मले नाही वाचाचं. तू उठशीन, पुस्तक वर धरशीन, अन् साऱ्यायचे डोळे माह्याच पानावर येतीन. तुही पोरगी म्हणून पहिले माहंच पान उघडतीन. एक दिवस, आई. आजचा एक दिवस चूप राय."

पोह्याच्या रांगेतून हसण्याचे आवाज येत होते. शोभाताईंनी पदरानं लेकीच्या हनुवटीवरचं काहीतरी पुसलं, तिथं काही नव्हतं तरी.

"नाही उठत," म्हणाल्या. "जा."

हॉलमधे मंडळाच्या बाया मधल्या रांगेत बसल्या होत्या, शोभाताई कडेला. नंबर पुकारले जात होते. मुलं येत होती, अपेक्षा सांगत होती, 'सुंदर, सुशिक्षित, घरकामाची आवड'. यमुताईनं शोभाताईंना कोपर मारलं. काही वेळानं परत परत मारलं. शोभाताईंनी पुस्तिका मांडीवर पालथी ठेवली होती आणि दोन्ही हात त्यावर. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. स्टेजवरून मारोतरावांनी ते पाहिलं असावं. "महिला मंडळाचे विशेष आभार," ते माइकवर म्हणाले, "शांततेत सहकार्य करून राहिल्याबद्दल." हॉलमधे हशा झाला.

मग हर्षाचा नंबर आला.

ती माइकपाशी गेली. "नमस्कार, मी हर्षा नानाजी..." एवढंच झालं, आणि पुढच्या रांगेतली एक जरीकाठाच्या साडीतली बाई पानावर बोट ठेवून, वर पाहून, शेजारणीला म्हणाली. हळू म्हणाली असेल, पण माइक जवळ होता. "अन् फोटोतली कुठं आहे वं? तिची बहीण आली का?"

हसू पुढून मागं पसरत गेलं. हर्षानं आईकडे पाहिलं. सगळं आयुष्य तिनं हेच पाहिलं होतं की असं काही झालं की आई उठते. तिला थांबवावं लागतं, लाज वाटते, पण आई उठते. आई बसलेली होती. पुस्तिकेवरचे हात घट्ट दाबलेले, जबडा आवळलेला, आणि डोळे लेकीवर. तोंड उघडत नव्हतं, कारण लेकीला शब्द दिला होता. हर्षानं शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, आणि अपेक्षा न सांगताच खाली उतरली.

दुपारी लॉनच्या फाटकाशी यमुताईनं शोभाताईंना गाठलं. मागं बाकीच्या बाया.

"काय झालं तुले? मारोतरावानं चहात काय टाकून पाजलं?"

"गुडघे धरले होते वं."

"गुडघे! अन् तोंडाले का झालं होतं? साऱ्या समाजासमोर हसू केलं त्यानं आमचं. चार वेळा कोपर मारलं तुले मी."

शोभाताईंनी फाटकाचा गज धरला. "मंडळाचं पुढचं तू पाय, यमुताई. माह्याच्यानं नाही होत आता."

"असं कसं नाही होत? कारण तं सांग!"

शोभाताईंनी कारण सांगितलं नाही. लेकीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि निघणार नव्हतं. यमुताईच्या रागाखाली त्या मान खाली घालून नुसत्या उभ्या राहिल्या. हर्षा मागं होती. आईची एवढी वाकलेली मान तिनं आधी पाहिली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "तो फोटो मीच गोरा करवला. आईले मीच सांगतलं होतं, उठू नको म्हणून."

यमुताई एक पाऊल मागं सरकली.

शोभाताई लेकीकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, सुटकाही नव्हती. "तुले कोणं विचारलं होतं?" एवढंच म्हणाल्या. मग यमुताईला म्हणाल्या, "बाजारात माल उतरून राहिला असन. जातो मी."

"आज तं बस घरी," यमुताई म्हणाली. आवाजातली धार गेली होती.

शोभाताई निघाल्या होत्या. उमरेड रोडच्या कडेनं, उन्हातून, एक पाय जरा ओढत, ट्रकांच्या धुळीत त्या ऑटोच्या थांब्याकडे चालत गेल्या. फाटकाशी यमुताई आणि मंडळाच्या बाया उभ्या होत्या. त्यांच्या पुढं, छातीवर अजून नंबर लावलेली हर्षा, आई ऑटोत चढेपर्यंत पाहात होती. ऑटो गेला तरी ती हलली नाही.