डी ड्राइव्हमधली रिकव्हरी

चहा घ्या, खारी घ्या, आणि एक वचन द्या. आता जे सांगतो ते कारखान्याच्या गेटाबाहेर न्यायचं नाही. म्हणजे गेटाच्या आत सगळ्यांना माहीत आहेच, आणि शेजारच्या दोन-तीन कारखान्यांतही पोचलंय म्हणे. पण निदान तुमच्यापाशी तरी थांबू दे की!

माझी एक खोड आहे. मला सगळं कळतं. मिक्सर बिघडला, मला कळतं. डॉक्टरनं चिठ्ठी दिली, तर त्यातलं कुठलं औषध उगाच लिहिलंय तेही मला कळतं. माझी बायको मंगल म्हणते, "तुमास्नी फकस्त गप कधी बसायचं त्येवढं कळत न्हाई." असू दे. थोर माणसांची घरात कदर होत नसतेच.

तर मी साखर कारखान्यात केमिस्ट. कुठल्या ते विचारू नका, नोकरी अजून दोन वर्षं आहे. आमच्या धंद्यात एकच शब्द मोठा, रिकव्हरी. शंभर किलो ऊस गाळला तर साखर किती किलो निघाली, ती रिकव्हरी. पुस्तकात तिला उतारा म्हणतात, पण पुस्तक वाचतंय कोण? कोल्हापुरात उसाचा दर तिच्यावर ठरतो. त्यामुळं पानपट्टीवर लोक रामराम घालायच्या आधी विचारतात, "काय केमिस्ट, रिकव्हरी किती?"

ही गोष्ट दोन हजार सात-आठ सालची. कारखान्यात एकाच बनावटीचे दोन लॅपटॉप आले. एक चेअरमनसाहेबांना, एक मला. खंडेनवमीला दोन्हींची पूजा झाली. साहेबांचा लॅपटॉप हळदकुंकवासकट फडक्यात बांधून कपाटात गेला तो गेलाच. माझा मात्र मी त्याच दिवशी उघडला. बघतो तर काय! आत दोन कप्पे, सी आणि डी. आणि डीवर नाव काय असावं? रिकव्हरी!

अहो, माझे डोळे भरून आले! एवढी परदेशातली कंपनी, पण माल कोल्हापूरला चाललाय याचं भान ठेवलं! त्या दिवसापासून हंगामाचा सगळा हिशोब मी डीमध्ये भरायला लागलो. रोजचा ऊस, रोजची साखर, रोजची रिकव्हरी. कागदावरचं रजिस्टर तर मी बंदच करून टाकलं. जग कुठं चाललंय यावर लॅबमधल्या माणसांना अर्धा तास भाषणही दिलं.

आणि मग उगवला तो दिवस. दुपारी तीनला संचालकांची बैठक. विषय पहिला, यंदाची रिकव्हरी; सांगणार मी. विषय दुसरा, चीफ केमिस्टची रिकामी जागा. पहिला विषय नीट पार पडला तर तिथं बसणार मी. बावीस वर्षं त्या खुर्चीकडं बघत होतो! मंगलनं नवा शर्ट कडक इस्त्री करून दाराला अडकवून ठेवला होता.

सकाळी नऊला लॅपटॉपनं विचारलं, नवीन अपडेट आलंय, आत्ता करू का नंतर? शहाणा माणूस काय म्हणेल? नंतर. पण मी पडलो सर्वज्ञ. म्हटलं, आज मोठा दिवस, यंत्रसुद्धा ताजंतवानं असू दे. आणि दाबलं 'आत्ता'.

तासभर पडद्यावर गोल फिरत होतं. मग पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह. मग परत काळा. परत चिन्ह. त्याच्या पुढं जाईचना! मी बटण दाबलं, सोडलं, बॅटरी काढली, फुंकली, परत बसवली.

"फुंकून काय हुतंय?" मंगल दारातनं म्हणाली. "च्या हाय व्हय त्यो?"

राजारामपुरीत एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचा नंबर लावला. फोन उचलला मालकीणबाईंनी, प्रज्ञा मॅडम. मूळच्या नेसरीच्या. आवाज खणखणीत. मी सगळं सांगितलं.

"अपडेटनंतर हुतंय तसं कधीकधी," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. रिकव्हरी हाय का तुमची?"

बघा! दुकान लॅपटॉपचं, पण चौकशी कशाची! मी छाती काढून म्हणालो, "हाय की! साडेबारा!"

"साडेबारा काय? जीबी?"

"टक्के, मॅडम, टक्के!"

"म्हंजे साडेबारा टक्के झाली? बरं. कधी चालू केलीसा?"

"दिवाळीच्या तोंडाला."

पलीकडनं हळू आवाजात, "दिवाळीपासनं... अजून चालूच हाय?"

"मग? गुढीपाडव्यापर्यंत चालंल. ऊस लई हाय यंदा."

"ऊस?"

"गेल्या साली अकरावरच अडकलीवती. यंदा वाढली. माझ्या हाताखाली!"

"काका, माझं ऐका. आता कशालाबी हात लावू नका. शंभर टक्के झाल्याशिवाय बंद करायचं न्हाई."

आता मात्र मला त्यांची कीव आली. "मॅडम, शंभर टक्के? आमच्या शेतकऱ्यांनी ऊस लावलाय, खडीसाखर न्हाई लावलेली!"

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही नेमकं कुठनं बोलताय?"

"कारखान्याचा केमिस्ट बोलतोय!"

त्यावर त्या बाई जे हसायला लागल्या! मला वाटलं लाइन खराब झाली. शेवटी कसंबसं म्हणाल्या, "लॅपटॉप घेऊन या."

निघण्याआधी चेअरमनसाहेबांना कळवायला नको? कळवलं. तेच नडलं. "साहेब, घात झाला. रिकव्हरी गेली!"

"गेली म्हंजे? किती गेली?" साहेब ओरडले.

"सगळीच. एक आकडा दिसंना झालाय."

"आरं, काल साडेबारा हुती की!"

"काल होती. आज सकाळी गेली. मालच खराब दिलाय, साहेब!"

"कुणाचा माल? मी पुसतोय ते सांगा, ऊस कुणाचा हुता?"

साहेब जुन्या वळणाचे. ते कधी विचारत नाहीत, पुसतात. मी उत्तर देणार तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली. म्हटलं, जाऊ दे, बैठकीत सविस्तर सांगू.

मुडशिंगीच्या घरातनं राजारामपुरी मी स्कूटरवर कशी गाठली ते माझं मला माहीत. "बसा पावणं," म्हणत मॅडमनी लॅपटॉप उघडला, कसलीशी कळ दाबून धरली. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, रिकव्हरी सापडत नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुणी पुसलं?"

"मला? कुणी काय पुसलं न्हाई. मी सरळ तुमच्याकडंच आलो."

"तसलं पुसणं न्हाई ओ! डीमधल्या फायली कुणी पुसल्या? लॅपटॉप बिघडला तर पयल्यासारखा करता यावा म्हणून कंपनी एक प्रत आतच ठेवून देती. तिलाच रिकव्हरी म्हणत्यात. त्ये सगळं गायब हाय."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? खंडेनवमीला डी उघडला तेव्हा तो रिकामा नव्हता. गच्च भरलेला होता, नाव ना गाव असल्या इंग्रजी फायलींनी. माझ्या रिकव्हरीच्या जागेत अतिक्रमण! मी एका झटक्यात सगळं पुसून टाकलं. 'हे पुसू नका' अशी लाल अक्षरात ताकीदही आली होती. मला इंग्रजी येतं, नाही असं नाही. पण ती ताकीद ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असणार, असं मला वाटलं.

पण हे त्या बाईंना सांगायचं? मी म्हणालो, "व्हायरस असंल, मॅडम."

"व्हय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "मराठी येणारा व्हायरस दिसतोय. 'रोजचा ऊस' म्हणून फोल्डर करून गेलाय."

बाई तोंडानं फटकळ, पण हाताला जादू. कसलीशी सीडी घालून लॅपटॉप जागा केला आणि माझे सगळे आकडे पेन ड्राइव्हवर काढून दिले. मी अक्षरशः हात जोडले.

"तुमची साखर वाचली," त्या म्हणाल्या. "पण लॅपटॉप बरा करायचा तर असलाच दुसरा पायजे. त्याच्या डीमधनं प्रत काढता येईल."

"हाय की! आमच्या साहेबांचा! कोरा करकरीत, फडक्यात बांधलेला!" मी म्हणालो आणि मॅडमना घेऊनच कारखान्यावर गेलो.

गेलो तर काय? गाळप बंद! साहेबांनी सकाळीच उसाच्या गाड्या अडवलेल्या. आवारभर ट्रॅक्टर, बैलगाड्या, शिव्या. वर बैठकीत डझनभर संचालक एकमेकांच्या अंगावर धावून चाललेले. एक म्हणत होता साखर चोरीला गेली, दुसरा म्हणत होता ऊसच पोकळ आहे.

मी पेन ड्राइव्ह उंच धरून ओरडलो, "रिकव्हरी साडेबाराच हाय! लॅपटॉप बिघडलाय, ऊस न्हाई!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि मग साहेबांचा राग नव्या दिशेनं निघाला. "म्हंजे लॅपटॉप इकणाऱ्या त्या दुकानदारामुळं माझी मिल बंद पडली? नोटीस काढा त्याला!"

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "काढाच, साहेब. असल्या लोकांना सोडायचं न्हाई."

मग मी मॅडमची ओळख करून दिली, त्यांना काय हवंय तेही सांगितलं. "बाई, माझा लॅपटॉप घ्या तुमाला प्रत काढायला," साहेब म्हणाले. कपाट उघडलं. फडकं सुटलं. वाळलेलं हळदकुंकू टेबलावर सांडलं, आणि त्याच क्षणी मला काहीतरी आठवलं. पण तोवर मॅडमनी डी उघडला होता.

आत एकच फोल्डर. नाव, 'साहेबांची रिकव्हरी'. बाकी सगळं साफ.

"बघा!" साहेब गरजले. "ह्यो बी खराब दिलाय!"

"खराब न्हाई, साहेब," मॅडम पडद्यावरची तारीख बघत म्हणाल्या. "खंडेनवमीच्या दिवशी कुणीतरी पुसलाय."

"माझा लॅपटॉप? मला न पुसता पुसला? कुणी?"

नोटीस लिहायला बसलेल्या कारकुनानं पेन खाली ठेवलं. आता लपवून काय उपयोग?

"साहेब," मी म्हणालो, "मीच. पण तुमाला पुसूनच पुसला."

"मला? कधी?"

"पूजेच्या टायमाला. मी म्हटलं, 'साहेब, डीमधलं पुसू का?' तुम्ही म्हणालासा, 'पुसा की, लाजताय कशाला?'"

साहेब खुर्चीतनं अर्धे उठले. "आरं, मला वाटलं तुमाला कायतरी पुसायचंय! रजा म्हणा, बढती म्हणा! मी उत्तर तयार ठेवून बसलोतो, आणि तुम्ही माझा लॅपटॉप घिऊन गेलासा!"

संचालक इतके हसले की एकाचा चष्मा पडला. प्रज्ञा मॅडमनी तेवढ्यात मला हळूच विचारलं, "काका, कारखान्यात आणि किती लॅपटॉप हायत?"

"हेच दोन."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

बढती मिळाली हो! आकडे होतेच तसे. फक्त ठरावात एक ओळ जास्तीची आली, चीफ केमिस्टनं कॉम्प्युटरला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी मी नवा शर्ट घालून नव्या केबिनशी गेलो. दारावर माझ्या नावाची चकचकीत पाटी. बावीस वर्षांचं स्वप्न! आणि पाटीखाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं, 'पुसल्याशिवाय पुसू नये.'

मी रागानं खिशातला रुमाल काढला आणि ते अक्षर पुसायला हात लावला. तेवढ्यात स्टुलावर बसलेले आमचे म्हातारे शिपाई, अण्णा, न उठताच म्हणाले, "साहेब, पुसलं का कुणाला?"