दीड ग्रॅमचा हट्ट

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. झोपेतच हृदय थांबलं, एवढंच तिची सून मनीषा बोलू शकली. दहाव्याला एक पाहुणे माझ्या शेजारी बसून म्हणाले, "फवारून फवारूनच गेली म्हातारी." मी विचारलं, तिच्या बागेत तुम्ही कधी पाय ठेवलाय का? असं बोलणारे ते एकटे नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

कौसाआत्या आमच्या शिरूर कासारची, दिली गेवराईजवळच्या गावात. नवऱ्यासोबत तिनं बारा वर्षं ऊस तोडला. मग दोघांनी कोयता ठेवला आणि मोसंबी लावली. बाग फळावर आली त्याच वर्षी नवरा गेला. झाडं फुलांनी पांढरी व्हायची, गोटीएवढी फळं धरायची, आणि उन्हाचा चटका वाढला की सगळं खाली. दोन वर्षं असंच झालं. तिसऱ्या वर्षी धाकटे दीर नामदेवभावजी बाग काढायला जेसीबी घेऊन बांधावर आले. आत्या पहिल्याच झाडाखाली जाऊन बसली.

"वैनी, कावून हट्ट करता? फळ टिकतंय का?"

"एक बहार द्या. न्हाई टिकलं तर मीच कुऱ्हाड लावते."

जेसीबी परत गेला. नंतरच्या आठवड्यात आत्या एसटीनं बीडला आली, पदराच्या गाठीत एक पुडी बांधून. शेतकरी मेळाव्यात तिनं ऐकलं होतं, की कडक उन्हात झाडाच्या अंगचं संजीवक कमी पडतं, देठ सैल होतो आणि फळ गळतं. ते वरून द्यायचं, पण शंभर लिटर पाण्याला फक्त दीड ग्रॅम. पुडी देताना दुकानदार म्हणाला होता, चमचाभर टाका, जास्त टाकलं तर जास्तच लागेल. त्याला तिनं विचारलं, "मीठ जास्ती टाकल्यानं भाजी जास्ती होते का?" सातवी शिकलेली बाई माझ्या प्रयोगशाळेतल्या तराजूच्या काचेला नाक लावून आकडा स्थिर होईपर्यंत हलली नाही. ती पावडर पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. म्हणून ती मेडिकलमधून स्पिरिट आणायची आणि गावात कुजबुज व्हायची. तिनं पारावरच सांगून टाकलं, "झाडाला पाजते. तुमाला मिळायचं न्हाई."

ऊन चढायच्या आत, नाकाला फडकं, हातात मोजे... ती स्वतः फवारायची. त्या उन्हाळ्यात गळ पूर्ण थांबली नाही, पण निम्म्यावर आली. ते पाहून नामदेवभावजींनी आपल्या झाडांवर तिप्पट मारलं. साल जाड झाली, फळ हिरवंच राहिलं, व्यापाऱ्यानं हातात घेऊन खाली ठेवलं. ते आत्याकडे आले तेव्हा ती हसली नाही. "भावजी, वजनाला बीडला जावं लागतंय," एवढंच म्हणाली. पुढच्या बहाराला ते स्वतः पुडी घेऊन माझ्या दारात उभे होते, चप्पल बाहेर काढून. पुढं गावातल्या आणखी बायका येऊ लागल्या. आत्यानं प्रत्येकीला आधी लेबल वाचायला लावलं, जिला वाचता येत नव्हतं तिला वाचून दाखवलं, आणि फुकट काही दिलं नाही... बदल्यात तिच्या बागेत एक सकाळ काम करायचं.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा मनीषा या बहाराची दुसरी फवारणी करत होती. फळं लिंबाएवढी झाली होती. बांधाकडची एक ओळ सोडून ती पुढं गेली, तेव्हा मी म्हटलं, "ही ओळ राहिली गं."

"राहिली न्हाई, ताई. आत्याबाई दरसाली ही कोरडीच ठेवत्यात."

ती अजून 'ठेवत्यात' म्हणते.

"कावून?"

"त्या म्हनायच्या, उद्या कुनी म्हनलं औषधानं काई होत न्हाई, तर भांडायचं न्हाई. हितं आनायचं अन् खाली बघ म्हनायचं."

मी खाली पाहिलं. त्या ओळीखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या ओळीखाली तुरळक चार-दोन. या दोन ओळी सोडून बाकी बागेतला पालापाचोळा मनीषानं गोळा केला होता. तेवढा सडा तिनं झाडला नव्हता.