अमरावतीपर्यंतची गादी

आमच्या बाबांना बसमध्ये उलट्या होत आणि मोटरसायकलवर त्यांची कंबर धरत असे. सौंसरहून अमरावती दीडशे किलोमीटर. तिसरं वाहन आमच्या घरी नव्हतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मी तेव्हा सौंसरला एका सरकारी कचेरीत बाबू होतो आणि नुकतीच एक जुनी मोटरसायकल घेतली होती. तिच्या आधीच्या मालकानं दुधाचे डबे वाहून वाहून तिची सीट खाटेच्या पाटीसारखी कडक करून ठेवली होती. मी तरणा होतो, मला चालत होतं. (बायको त्या सीटवर बोरगावच्या पुढं कधी आली नाही, पण ते तिचं नाजूकपण असं मी समजत होतो.)

आणि अशात अमरावतीहून गयाआत्याचं पत्र आलं. गयाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. कारण मीच. म्हणजे माझं लग्न. सौंसरहून मोहगावला माझी वरात निघाली तेव्हा बैलगाडीत जागा कमी पडली आणि बाबा भर चौकात बोलून गेले, "गया येईन पायी, तिले काय धाड भरली!" आत्या पायी आली, मांडवात जेवली नाही आणि तशीच पायी बस धरायला गेली. त्यानंतर आता हे पत्र. "पोरीचं लगन हाय. येशीन त ये. नाई आला त मी समजीन का मले भाऊच नाई."

बाबांनी पत्र तीनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"प्रकाश, जा लागते."

"बसनं?"

"बसनं गेलो त मी तिच्या दारात ओकत उतरीन. शोभते काय? तुह्या गाडीले चांगली सीट बसव."

पांढुर्ण्याला बब्बू उस्ताद नावाचा सीटवाला होता. ट्रकपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांच्या बैठकी तो शिवायचा. एका रविवारी मी बाबांना त्याच्याकडे घेऊन गेलो. (जुन्याच सीटवर. बाबा अर्धा रस्ता पायदानावर उभे राहून आले. लोक हात हलवत होते, त्यांना वाटलं कोणी पुढारी आला!)

उस्तादनं तीन सीटा काढून बाकड्यावर मांडल्या. पहिली काथ्याची. बाबा बसले आणि उठले.

"टोचते."

दुसरी पातळ स्पंजाची.

"खाली लोखंड हाय, हे मले समजून राहिलं."

तिसरी म्हणजे गुबगुबीत फोमची, वर लाल रेग्झिन. बाबा बसले आणि उठलेच नाहीत.

"पसंत हाय ना, बाबूजी?" उस्तादनं विचारलं.

"आताच कसं सांगू? अमरावती चार घंट्याची हाय. मी चार घंटे बसून पाहातो."

मला वाटलं गंमत करून राहिले. पण बाबा खरोखर बसले! समोर दुकानाची सुई चालू, ट्रकवाले येऊन जाऊन राहिले, आणि मधोमध बाकड्यावर लाल गादीवर बाबा. त्यांनी पेपर वाचला, दोन चहा घेतले, एका गिऱ्हाइकाला "आत ये, बस" असंही म्हटलं. तिसऱ्या तासाला ते बसल्या बसल्या घोरायला लागले.

"पास!" उस्ताद म्हणाला.

बाबांनी एक डोळा उघडला. "याच्यात अजून एक थर टाक."

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण मीच वर म्हणालो, "दोन टाक, उस्ताद. लंबा सफर हाय!"

तर मोटरसायकलवर ती गादी चढली आणि गाडी एकदम वीतभर उंच झाली. माझी उंची पाच फूट तीन इंच. बसल्यावर दोन्ही पाय लोंबकळायला लागले. आता गाडी थांबवायची तर शेजारी ओटा पाहिजे, दगड पाहिजे, काहीतरी पाहिजे! आठवडाभर मी घरासमोर शेजारच्या काकूंच्या ओट्याला पाय टेकून थांबत होतो.

काकू तांदूळ निवडता निवडता विचारायच्या, "खाली उतर ना बापू. वर बसून काय करून राहिला?"

"हवा खाऊन राहिलो, काकू."

पण बसायला गादी? वा! बाबा म्हणायचे, घरच्या पलंगापेक्षा बेस. तेवढं ऐकलं की मला माझ्या निवडीचा अभिमान वाटायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी माय आणि बायको सामान घेऊन बसनं गेल्या. आम्ही बापलेक दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. थंड वारा, दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, गाडी पाण्यासारखी चाललेली. पांढुर्ण्यापर्यंत एक हाय नाही की हूय नाही. तिथं रेल्वेचं फाटक बंद! आजूबाजूला ना ओटा ना दगड. मी काय करणार? फाटकासमोर गोल गोल फिरायला लागलो. पाचव्या चकरेला बाबा जागे झाले.

"अमरावती आली काय?"

"नाई बाबा, फाटक हाय."

"मंग तू घाण्याच्या बैलावानी कायले फिरून राहिला?"

शेवटी एका गाडीवानाला दया आली. त्यानं बैलगाडी पुढं घेतली आणि मी तिच्या चाकाला पाय लावून मालगाडी जाऊ दिली.

मोर्शीच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. शेजारी पुलाचा कठडा होता, म्हणून तर ती टपरी पसंत केली! चहा झाल्यावर कठड्याला पाय टेकून मी गाडी चालू केली आणि मान न वळवता विचारलं, "बसले काय?"

"हाव!" मागून आवाज आला.

मी गाडी सोडली. मागून कोणीतरी ओरडलं. टपरीवाल्यानं रामराम केला असेल असं समजून मी एक हात वर केला. गादी अशी मऊ की मागं माणूस बसला काय अन् नाही काय, पुढच्याला काही पत्ता लागत नव्हता.

आता एक कबूल करतो. मला बाबांशी बोलायचं होतं. समोरासमोर हिंमत नव्हती. गाडीवर त्यांचा चेहरा दिसत नाही, म्हणून मी सुरुवात केली.

"बाबा, राग नका मानू. पण त्या दिवशी चूक तुमची होती."

मागून काही नाही.

"आत्या लहान हाय. तुम्ही दोन शब्द बोलाले पायजे होते."

तरी काही नाही. मला वाटलं, बाबांचे डोळे भरले असतील. मग मी अधिकच मोकळा झालो. नात्यागोत्यावर बोललो, माणसाच्या अहंकारावर बोललो, तासभर बोललो! जन्मात बाबांनी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

अमरावतीला मांडवाच्या दाराशी केळीच्या खांबाला धरून मी गाडी थांबवली. लग्न लावायला भंतेजी येऊन बसले होते. गयाआत्या नवीन लुगडं नेसून धावत आली.

"भाऊ कुठी हाय?"

"हे काय, मागं!" मी छाती फुगवून म्हणालो.

आत्यानं मागं पाहिलं. मी मागं पाहिलं. लाल गादी उन्हात चकाकत होती.

"अवं माय!" आत्यानं कपाळावर हात मारला. "माह्या भावाले रस्त्यात पाडून आला हा पोट्टा!"

मायनं भर मांडवात रडं काढलं. बायको नुसती माझ्याकडे पाहत राहिली. (ते रडण्यापेक्षा वाईट.) मी गाडी वळवतो तोच आत्यानं लुगड्याचा काचा खोचला, एका खुर्चीवर चढली आणि मागं बसली.

"आत्या, पोरीचं लगन हाय तुमच्या!"

"लगन थांबते. चाल!"

पंधरा किलोमीटर मी गाडी दामटली. मागून आत्या दर मैलाला "बुद्धा, माह्या भावाले सांभाळ" म्हणत होती. आणि एका कडुनिंबाखाली समोरून येणारी बस उभी दिसली. ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे खाली. मधात बाबा वाकलेले.

आत्यानं गाडी थांबायची वाट पाहिली नाही. उडीच मारली. (मी गाडीसकट झुडपात गेलो, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.) ती धावत भावाजवळ गेली आणि त्यांची पाठ धरली. बाबांनी मान वर केली. नऊ वर्षांनी दोघांची नजरानजर झाली.

"गये," बाबा म्हणाले, "बाजूले हो!"

आणि पुन्हा वाकले.

"नऊ वर्सानं बोलला, अन् हे बोलला!" आत्या हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि नव्या लुगड्याच्या पदरानं त्यांचं तोंड पुसायला लागली.

मग कळलं की टपरीवर बाबा चप्पल घालत होते आणि तो "हाव" चहावाल्यानं दुसऱ्याच गिऱ्हाइकाला म्हटला होता.

"मी बोंबलून राहिलो," बाबा कंडक्टरला सांगत होते, "अन् हा मले टाटा करून राहिला!"

माझ्यामागं बसायला ते तयारच होईनात. शेवटी आत्या मध्ये बसली, बाबा तिच्यामागं. तिघं त्या गादीवर आरामात मावलो. थोडं पुढं गेल्यावर मागून बाबांचा आवाज आला, "गये, चुकलं मायं." बस, तीन शब्द. मी तासभर वाऱ्याला जे सांगत आलो ते त्यांनी तीन शब्दांत उरकलं. आत्यानं माझ्या पाठीवर कपाळ टेकलं. शर्ट ओला झाला.

लग्न तासभर उशिरा लागलं आणि झकास झालं. बाबा आठ दिवस बहिणीकडे राहिले. माय आणि बायकोनं परतीची बस धरली. मी बायकोला एकदाच म्हटलं, "चाल ना गाडीवर, गादी मस्त हाय." तिनं खिडकीची काच बंद करून घेतली.

तेव्हा परत येताना मी एकटाच. मोर्शी ओलांडल्यावर त्याच कठड्याला पाय टेकला. टपरीवाल्यानं लांबूनच ओळखलं आणि चहा हातात आणून दिला.

"काय साहेब, आज कोणाले सोडून चालले?"

"कोणालेच नाई. एकटाच हाव."

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, गादी दाबून पाहिली, माझ्या लोंबकळणाऱ्या पायाकडे पाहिलं.

"मंग एवढी मोठी गादी कोणासाठी केली?"

मी म्हणालो, "चहा चांगला झाला."