चिपटंभर मीठ

आई गेल्यानंतरच्या या पहिल्या उन्हाळ्यात केजहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, यंदा लोणचं मी घालणार हाय. प्रमाण ग्रॅममधी सांगा, तुमचं मोजमाप पक्कं असतंय."

मी धान्य मोजायचे चिपटे काढून चिपटंभर तिखट वजनकाट्यावर ठेवले, मग चिपटंभर मीठ. मिठाचा आकडा दुपटीहून अधिक भरला, आणि तीस वर्षांपूर्वीची ती बरणी डोळ्यांपुढे आली.

आई दोन्ही जिन्नस सारख्याच मापाने घेई. त्या वर्षी, बीडच्या कॉलेजात विज्ञान शिकत असल्याच्या तोऱ्यात, मी चिपटे बाजूला सारून दोन्ही सारख्याच वजनाचे घातले. महिन्याभरात लोणच्यावर पांढरी बुरशी आली आणि स्वयंपाकघरात आंबूस वास भरला.

"इटाळाचा हात लागला, दुसरं काय!" आई नव्या वहिनीवर कडाडली.

"आत्याबाई, मी बरणीला शिवलेबी न्हाई."

मीठ कमी पडल्याचे मला त्या क्षणी उमगले होते. तरी मी पुस्तकात मान घातली. त्यानंतर आईने वहिनीला लोणच्याला कधीच हात लावू दिला नाही.

मी दोन्ही आकडे सांगितले.

"मीठ लई होतंय की, वन्सं!"

"तेवढंच लागतं," मी म्हणाले, आणि पुन्हा गप्प बसले.