काळा ओव्हन आणि कोक ओव्हनवाला

चहा घ्या आधी, मग हसा. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुमच्या हातात कप राहिला, तर चहा शर्टावर सांडेल. आमच्या घरी ही गोष्ट काढली की मी उठून अंगणात जातो!

मी भिलाईच्या स्टील प्लांटमधला माणूस. बत्तीस वर्षं कोक ओव्हनवर काढली, म्हणजे दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर. ताडमाड भट्ट्या, समोर उभं राहिलं की भुवया करपतात. चार वर्षांपूर्वी रिटायर झालो, पण डोक्यातून ओव्हन जाईल तर ना!

आता आमची सून, पायल. तिने नोकरी सोडून केकचं काम सुरू केलं आणि घरात मोठा इलेक्ट्रिक ओव्हन आणला. त्या दिवशी तिला नात्याबाहेरची पहिली ऑर्डर होती, सिविक सेंटर बाजारातल्या एका दुकानदाराच्या मुलीचा वाढदिवस. तीनमजली केक! सकाळी ती माहेरी, दुर्गला पद्मनाभपुरात गेली, केकचे साचे आणायला. जाताना म्हणाली, "बाबा, मी चारपर्यंत येते. आल्या आल्या केक लावायचा आहे. ओव्हन को हाथ मत लगाना हं."

हात लावू नका? मला? बत्तीस वर्षांच्या माणसाला?

ती गेली आणि मी दोन मोठी वांगी भरतासाठी आत ठेवली. आता वांग्याला आधी टोचे मारावे लागतात, ते आमची बायको करते, मला कोण सांगणार? बटन फिरवलं आणि मॅच बघत बसलो. आतून फट्ट! मला वाटलं टीव्हीत फटाका फुटला.

अर्ध्या तासाने दार उघडलं, तर वांग्याने आतल्या चारही भिंती सारवल्या होत्या. आणि सारवण पक्कं वाळून बसलं होतं.

बायको बुद्धविहारातून आली. "अजी, हे काय करून ठेवलं तुमी?"

"भरत."

"कुठं हाय भरत?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

तिने कपाळावर हात मारला, पण बाई शहाणी. म्हणाली, "सोड्याचा लेप लावा, वरून पाणी शिंपडा, अन् घंटाभर गुमान बसा. उगाच खरडू नोका."

बसलो. घड्याळाकडे बघत बसलो. दीड वाजता ओल्या फडक्याने पुसलं, तर वांगं अलगद सुटून आलं हो! इथेच थांबायला हवं होतं. इथेच, या क्षणी. पण मी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. आत सगळं काळंकुट्ट!

"अगं, जळून आत बसलं! कार्बन धरला!"

"पायलले फोन लावून इचारा ना."

"अन् काय सांगू? तुह्या ओव्हनात वांगं फोडलं म्हणून? मले काय कमी समजते काय ओव्हनातलं?"

मी फोन लावला, पण जुन्या जोडीदाराला, साहूला. तोही कोक ओव्हनचाच. आम्हा लोकांना भट्टीत काळं दिसलं की एकच गोष्ट दिसते.

"साहू, दीवार पे कार्बन जम गया."

"तो जलाओ न भैया! ओवन खाली रखके पूरा गरम करो, दरवाजा थोड़ा खोलो, हवा लगने दो. फिर खुरचो."

प्लांटमध्ये हेच करतात. ओव्हन फुल्ल लावला, दार बोटभर उघडं ठेवलं. उरल्यासुरल्या वांग्याच्या रसाचा असा धूर झाला की बायको खोकत अंगणात पळाली. काळं मात्र तसूभर हललं नाही. तीन वाजले!

मग ओव्हन गार केला आणि पटाशी काढली. वर हातोडी. घामाने बनियन भिजलं, बोटं सोलली. पोरीची पहिली ऑर्डर आपल्यामुळे बुडणार, उद्या तिला कोण काम देईल, या विचाराने मी आणखी जोरात ठोकत होतो. खरं सांगतो, घाबरलो होतो मी. आणि तेवढ्यात एक टवका उडाला, खाली चकचकीत लोखंड! मग काय, अंगात बळ आलं. पॉलिश पेपर घेतला आणि ताटलीएवढी जागा आरशासारखी केली.

चारला फाटक वाजलं.

पायलने नाक आक्रसलं, सरळ ओव्हनपाशी गेली, दार उघडलं. बायको माझ्याकडे बघते, मी जमिनीकडे.

"बाबा, ये चमकवलं कोणी?"

चमकवलं म्हणाली! माझा जीव भांड्यात पडला. छाती काढून म्हणालो, "मीच! बाकीचं पण काढतो, घंटाभर दे मले."

ती खाली फरशीवरच बसली. "बाबा... ये अंदर से काला ही आता है. कंपनी से."

बायकोने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्या टवक्यांत आणि धुरात केक कसला भाजणार? पायलने माहेरी आईला फोन केला, तिथेही ओव्हन होता; मिश्रण कालवलं आणि आम्ही ऑटोने पद्मनाभपुरात निघालो. पातेलं माझ्या मांडीवर. रस्ताभर ती एवढंच बोलली, "बाबा, घट्ट धरा." केक तिकडे झाला, छान झाला, वेळेत गेला. आईला तिने सांगितलं, "हमारा ओवन खराब हो गया." कसा झाला ते बोलली नाही. मला भरून आलं हो!

पण विहीणबाई भोळ्या. केक सजत होता तेव्हा चहा देता देता म्हणाल्या, "भाऊ, तुमची तर अख्खी नोकरीच ओव्हनात गेली. आमचाही आतून लय काळा झाला हाय. जरासा पाहून देता काय?"

पायल केक सोडून धावत आली आणि ओव्हनसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मी हात मागे बांधले. म्हणालो, "नाई विहीणबाई, मी आजच रिटायर झालो."