गच्चीवरची काठी

गुरुग्रामच्या आमच्या चर्चमध्ये मोठ्या संमेलनाचं थेट प्रक्षेपण पडद्यावर दाखवायचे. ते उपग्रहावरून यायचं, आणि गच्चीवरच्या डिशला माकडं लोंबकळली की चित्र गायब. म्हणून एक गृहस्थ प्रक्षेपण संपेपर्यंत काठी घेऊन वर बसत. त्यांची बायको खाली, माझ्या पुढच्या बाकावर.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे पडद्याकडे बघत, ती छताकडे. वर काठी आपटल्याचा आवाज आला की तिचे खांदे सैल पडत. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राही. गच्चीला कठडा नव्हता आणि इथली माकडं अंगावर येतात.

यंदा प्रक्षेपण इंटरनेटवरून आलं. गृहस्थ पहिल्यांदाच बायकोशेजारी बसले आणि प्रार्थना संपायच्या आत घोरायला लागले. लोक वळून बघायला लागले, तेव्हा मी पुढे वाकून म्हटलं, "भाभीजी, उठा दीजिए ना."

"सोने दीजिए," ती म्हणाली. "आज मेरे कानों की छुट्टी है."

तेवढ्यात गच्चीवर धप्पकन काहीतरी पडलं. सवयीने तिची मान वर गेली. मग तिने शेजारच्या घोरण्याकडे पाहिलं, हसली आणि बाकाला नीट टेकून पडद्याकडे बघू लागली.

वर डिश खडखडत राहिली. चित्र जागचं हललं नाही, आणि तीही.